विक्री वाढली, मग पैसा कुठे अडकला?

गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून खोक्यांची एक थप्पी होती. स्टॉक स्टेटमेंटमध्ये तिची किंमत 11 लाख रुपये दाखवली होती. मी मधले एक खोके काढायला सांगितले. कामगाराने वरची चार खोकी उतरवली, तेव्हा धुळीत त्याच्या बोटांचे ठसे उमटले. खोक्यावरची तारीख 19 महिन्यांपूर्वीची होती. पंपाचे ते मॉडेल बनवणे बंद होऊन वर्ष उलटले होते. मालक शांतपणे म्हणाले, "साहेब, माल तर समोरच आहे ना?" माल समोर होता, यात शंका नव्हती. पण तो कोणी घेणार नव्हते, आणि त्याच्या किमतीवर बँकेचे कर्ज उचललेले होते.

बँकेत असताना अशी पाहणी हे माझे नेहमीचे काम होते. कॅश क्रेडिट घेतलेला उद्योजक दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचा: माल किती, उधारी किती, पुरवठादारांचे देणे किती. त्यावर आम्ही ड्रॉइंग पॉवर, म्हणजे कर्ज किती उचलता येईल ती मर्यादा, काढायचो. देणे भागवलेल्या मालातून मार्जिन वजा, आणि साधारण 90 दिवसांवरची उधारी हिशेबातच धरायची नाही. नफा-तोटा पत्रक वर्षातून एकदा यायचे आणि बहुतेक वेळा चांगलेच दिसायचे. धंद्याची प्रकृती कळायची ती या तीन आकड्यांवरून.

शेअर घेणाऱ्याला कंपनीच्या गोदामात शिरता येत नाही. पण तेच तीन आकडे त्याच्यासमोर ताळेबंदात छापलेले असतात. ते सलग चार-पाच वर्षांचे शेजारी शेजारी मांडले, तर त्या धुळीचा अंदाज घरबसल्या येऊ शकतो. कसा, ते सावकाश पाहू.

पाठ्यपुस्तकातली व्याख्या अशी: चालू मालमत्तेतून चालू देणी वजा केली की निव्वळ खेळते भांडवल उरते. गुंतवणूकदाराने त्यात एक दुरुस्ती करावी. चालू मालमत्तेतली रोकड, बँकेतल्या ठेवी आणि म्युच्युअल फंडातली रक्कम बाजूला काढावी. चालू देण्यांमधली बँकेची अल्पमुदतीची कर्जे आणि दीर्घ कर्जाचे या वर्षी फेडायचे हप्तेही बाजूला काढावेत. कारण आपला प्रश्न असा आहे, की नुसता धंदा चालवायला किती पैसा गुंतून पडतो? रोकड आणि कर्ज ही त्या प्रश्नाची उत्तरे आहेत, प्रश्नाचा भाग नव्हेत. ती आत ठेवली, तर कंपनीने दीर्घ मुदतीचे कर्ज काढून बँकेत ठेवले तरी खेळते भांडवल वाढलेले दिसेल, आणि धंद्यात मात्र काहीच बदललेले नसेल.

दुरुस्तीनंतर मुख्यतः तीन गोष्टी उरतात: ग्राहकांकडून येणी, मालाचा साठा आणि पुरवठादारांची देणी. बांधकाम किंवा प्रकल्प उभारणीच्या कंपन्यांत आणखी दोन नोंदी बघाव्या लागतात. काम झाले पण बिल निघाले नाही अशी रक्कम, आणि ग्राहकाने आधीच दिलेली उचल. तिथे येणी स्थिर दिसतात आणि बिल न झालेली रक्कम फुगत जाते, असे पुष्कळदा होते.

आता पंपाच्याच धंद्याचे उदाहरण घेऊ. कंपनी काल्पनिक आहे, आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत.

पहिल्या वर्षी विक्री 400 कोटी. येणी 60, साठा 70, देणी 50. म्हणजे 60 अधिक 70 वजा 50, बरोबर 80 कोटी गुंतलेले. विक्रीच्या 20 टक्के. दुसऱ्या वर्षी विक्री 480 कोटी, येणी 84, साठा 88, देणी 56. गुंतलेले 116 कोटी, विक्रीच्या 24 टक्के. तिसऱ्या वर्षी विक्री 560 कोटी, येणी 120, साठा 114, देणी 60. गुंतलेले 174 कोटी, विक्रीच्या 31 टक्के.

नफा या तीन वर्षांत 32, 40 आणि 48 कोटी झाला, असे धरू. निकालाच्या दिवशी बातमी येईल ती या आकड्यांची. विक्री वाढती, नफा वाढता, शेअरही वर जाईल.

पण तिसऱ्या वर्षाचा रोखीचा हिशेब करून बघा. नफा 48 कोटी, त्यात घसाऱ्याचे 12 कोटी मिळवले की 60. खेळत्या भांडवलात त्या वर्षी जास्तीचे 58 कोटी गेले. हाती आले 2 कोटी. अजून नवीन यंत्र घेतलेले नाही, लाभांश दिलेला नाही. तो पैसा कुठून येणार? बँकेकडून. तिसऱ्या वर्षी या कंपनीचे अल्पमुदतीचे कर्ज वाढलेले दिसले, तर कारण शोधायला लांब जावे लागणार नाही.

माझ्या मते या सगळ्यातला सर्वात बोलका आकडा वेगळाच आहे, आणि तो कोणी छापत नाही. तिसऱ्या वर्षी विक्री 80 कोटींनी वाढली आणि त्यासाठी 58 कोटी जास्तीचे गुंतले. म्हणजे वाढीव विक्रीच्या प्रत्येक रुपयामागे साडेबहात्तर पैसे. त्याच्या आदल्या वर्षी तोच आकडा 45 पैसे होता. पहिल्या वर्षीचा सगळा धंदा मात्र रुपयामागे 20 पैशांत चालत होता. नवीन विक्री जुन्या विक्रीच्या जातीची नाही, हे इथे उघड होते. जुने ग्राहक जसे पैसे देत होते, तसे नवे देत नसावेत, किंवा जुन्यांनाच माल घ्यायला लावण्यासाठी मुदत वाढवून द्यावी लागली असावी.

टक्क्यांऐवजी दिवसांत बघितले तर हेच अधिक जवळून दिसते. येणी भागिले विक्री, गुणिले 365. पहिल्या वर्षी 55 दिवस, मग 64, मग 78. साठ्याचे दिवस खरे तर मालाच्या खर्चावर काढायचे आणि देण्यांचे खरेदीवर. पण कल पाहण्यासाठी सगळे विक्रीवर काढले तरी चालते, फक्त दर वर्षी एकच रीत ठेवावी. साठा 64, 67, 74 दिवस. देणी 46, 43, 39 दिवस. तिन्ही बाजूंनी पाणी आत येत आहे: ग्राहक उशिरा देतो, माल जास्त पडून राहतो, पुरवठादार मात्र लवकर मागतो.

जीएसटीमुळे इथे एक फसगत होते, तीही लक्षात ठेवावी. विक्रीचा आकडा जीएसटी वगळून असतो, पण ग्राहकाकडून येणाऱ्या रकमेत जीएसटी धरलेला असतो. 100 रुपयांच्या विक्रीवर 18 टक्के कर असेल, तर येणे 118 दिसते. त्यामुळे येण्याचे दिवस खऱ्यापेक्षा जास्त वाटतात. जुलै 2017 च्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका ओळीत ठेवताना, किंवा निर्यात करणाऱ्या कंपनीची तुलना देशात विकणाऱ्या कंपनीशी करताना, हे विसरले की चुकीचा निष्कर्ष निघतो.

आता एकेक बाजू उघडून बघायची. येण्यांपासून सुरुवात करू, कारण नफा आधी तिथेच फुगवता येतो. 2021 मध्ये कंपनी कायद्याच्या अनुसूची 3 मध्ये दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून येण्यांची वयवारी टिपांमध्ये छापावी लागते: सहा महिन्यांपर्यंतची, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन वर्षे, दोन ते तीन आणि तीनपेक्षा जुनी, शिवाय वादात असलेली आणि वादात नसलेली वेगळी. हे कोष्टक मिळायला आम्हा बँकवाल्यांनाही मालकाच्या मागे लागावे लागायचे. आज ते कुणालाही वार्षिक अहवालात फुकट वाचता येते, आणि तरीही फार थोडे लोक ते वाचतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आपल्या पंप कंपनीच्या येण्यांतली दोन वर्षांची 60 कोटींची वाढ सहा महिन्यांच्या आतल्या रकान्यात असेल, तर बहुधा मार्च एंडिंगचा प्रकार. वर्ष संपता संपता डीलरच्या दुकानात माल लोटला, "जूनमध्ये पैसे द्या, नाही खपला तर बघू" असे सांगितले आणि विक्री नोंदवून टाकली. अमेरिकेतल्या सनबीम कंपनीने 1997 मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर केले. उन्हाळ्यात खपणाऱ्या ग्रिल शेगड्या दुकानदारांना हंगामाच्या कितीतरी आधी सवलतीत "विकल्या", आणि त्यातला बराचसा माल गोदामातून हललाही नाही. तिथल्या बाजार नियामकाने पुढे सांगितले, की त्या वर्षी जाहीर केलेल्या 18 कोटी 90 लाख डॉलरच्या कमाईतले किमान 6 कोटी डॉलर हिशेबातल्या लबाडीचे होते. येणी आणि साठा दोन्ही विक्रीपेक्षा वेगाने वाढत होते, आणि ते ताळेबंदात दिसत होते.

वाढ एक वर्षावरच्या रकान्यात असेल, तर चित्र वेगळे. कंपनी शेतकऱ्यांना डीलरमार्फत पंप विकायचे सोडून सरकारी पाणीपुरवठा योजनांच्या निविदा भरू लागली असेल. असे पैसे बुडत सहसा नाहीत, पण तपासणी, मोजमाप आणि निधीची वाट बघत वर्ष-दीड वर्ष थांबतात. हा धंदा वाईट आहे असे मी म्हणणार नाही. मात्र त्याला जास्त भांडवल लागते, आणि शेअरला जो भाव आपण देतो तो डीलरच्या धंद्याचा असेल, तर आपण चुकतो आहोत.

साठ्याच्या बाबतीत एकूण आकड्यावर थांबू नये. टिपांमध्ये कच्चा माल, अर्धवट तयार माल आणि तयार माल असे भाग दिलेले असतात. कच्चा माल वाढला तर कदाचित तांब्याचा भाव चढणार म्हणून खरेदी करून ठेवली असेल. अर्धवट माल वाढला तर एखादा सुटा भाग न मिळाल्याने काम तुंबले असेल. तयार माल विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल, तर ती माझी धुळीची खोकी. जाता जाता एक तपासणी: ज्या वर्षी साठा फार वाढला, त्याच वर्षी नफ्याचे प्रमाणही वाढले असेल तर सावध व्हावे. कारखाना भरपूर चालवला की स्थिर खर्च जास्त नगांवर वाटला जातो आणि न विकलेल्या मालात जाऊन बसतो. त्या वर्षीचा नफा बरा दिसतो, पुढच्या वर्षीचा नाही.

देण्यांकडे लोक उलट नजरेने बघतात. देणी वाढली म्हणजे पुरवठादाराचा पैसा बिनव्याजी वापरायला मिळाला, असे समजतात. बलाढ्य कंपनीच्या बाबतीत ते खरेही असते. पण लहान पुरवठादाराचे पैसे थकवून जी देणी वाढतात, ती कधीतरी एकदम द्यावी लागतात. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. 2023-24 पासून प्राप्तिकर कायद्यानेही असा थकवलेला खर्च पैसे देईपर्यंत वजावटीला न धरण्याची तरतूद केली. म्हणून आपल्या कंपनीची देणी 46 वरून 39 दिवसांवर आली, याचे कारण हा कायदाही असू शकतो, आणि पुरवठादारांचा विश्वास उडाल्याने ते रोखीत माल देऊ लागले, हेही असू शकते. कच्च्या मालाच्या खरेदीवर सूट वाढली का, हे बघितले की फरक कळायला मदत होते.

हे सगळे आकडे कोणत्या तारखेचे आहेत, हा प्रश्न मात्र थोडा थांबून बघण्यासारखा आहे. ताळेबंद एका दिवसाचा फोटो असतो. साखर कारखान्याचे उदाहरण घ्या. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, द्यायची, असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. साखर मात्र वर्षभर थोडी थोडी विकली जाते. त्यामुळे 31 मार्चला गोदाम पोत्यांनी भरलेले असते, मालतारण कर्ज शिगेला असते, आणि 30 सप्टेंबरला तेच गोदाम बरेचसे रिकामे. शेअर बाजारात नोंदलेल्या साखर कंपनीचा मार्चचा ताळेबंद बघून घाबरणारा आणि सप्टेंबरचा बघून निर्धास्त होणारा, दोघेही चुकतात. मार्चची तुलना मार्चशी आणि सप्टेंबरची सप्टेंबरशीच करावी. नोंदणीकृत कंपन्या सहामाही ताळेबंद देतात, म्हणून हे शक्य आहे. आणि तुलना करताना साठ्याबरोबर उसाची देणीही बघावीत. ती एखाद्या मार्चला एकदम फुगली असतील, तर त्या कारखान्याचे खेळते भांडवल ऊस उत्पादक पुरवतो आहे.

वर्षाखेरीचा फोटो साफसूफ करून काढलेला आहे का, हे ओळखायची एक साधी युक्ती मला एका वरिष्ठांनी शिकवली होती. वर्षभराचे व्याज घ्या आणि वर्षाखेरच्या कर्जाने भागा. 31 मार्चला कर्ज 20 कोटी आणि व्याज 6 कोटी असेल, तर दर 30 टक्के पडतो. एवढ्या दराने कोणती बँक कर्ज देते? अर्थ एवढाच, की वर्षभर कर्ज याच्या कितीतरी पट होते आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वसुली रेटून, देणी अडवून किंवा बिले वटवून ते खाली आणले गेले. वटवलेल्या बिलांची जबाबदारी कंपनीवर राहते की नाही, हे संभाव्य देण्यांच्या टिपेत सापडते.

आणखी एक नवी सोय झाली आहे. मोठी कर्जमर्यादा असलेल्या कंपनीने बँकेला दर तिमाहीला दिलेली स्टेटमेंट तिच्या वह्यांशी जुळतात का, हे आता वार्षिक अहवालात सांगावे लागते, आणि लेखापरीक्षकालाही त्यावर लिहावे लागते. जिथे फरक असतो तिथे कोष्टक असते. बँकेला सांगितलेला साठा जास्त आणि वह्यांतला कमी, असे चारही तिमाहींत दिसले, तर पुढची पाने वाचण्याआधी मी थांबतो.

उलट्या चिन्हाच्या कंपन्याही असतात. हिंदुस्तान युनिलिव्हरसारखी कंपनी वितरकाकडून लवकर पैसे घेते आणि पुरवठादाराला सावकाश देते, त्यामुळे तिचे खेळते भांडवल ऋण असते. विक्री वाढली की पैसा अडकण्याऐवजी सुटतो. हे बळ आहे. पण ऋण आकडा दिसला की चांगली कंपनी, असा नियम करू नये. 2002 मध्ये पवईत पहिले दुकान उघडलेल्या डीमार्टने उलट वाट धरली: पुरवठादारांना झटपट पैसे द्यायचे आणि त्या बदल्यात स्वस्तात माल घ्यायचा. तिची देणी फार कमी दिवसांची असतात, आणि ते तिने विचारपूर्वक ठरवलेले आहे. दुसरीकडे विमान कंपनी प्रवाशांचे पैसे उड्डाणाआधी घेते, म्हणून तिचे खेळते भांडवल ऋण दिसते. 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेजची विमाने थांबली, तेव्हा आगाऊ तिकिटे काढलेले प्रवासी घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे होते. धंदा वाढत असतो तोवर दुसऱ्याच्या पैशावर चालता येते. तो आकसू लागला की सगळे एकदम मागतात.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. 7 जानेवारी 2009 च्या पत्रात सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केले, की येणी 490 कोटींनी फुगवलेली आहेत. पण त्याच पत्रात 5,040 कोटींची रोकड अस्तित्वातच नसल्याचेही लिहिले होते. येण्यांचे दिवस मोजणाऱ्याला मोठा खड्डा दिसला नसता, कारण तो आपण हिशेबातून वगळलेल्या रोकडीत होता. म्हणून वगळलेल्या रोकडीवर पुरेसे व्याज मिळते का, आणि एवढी रोकड असताना कंपनी कर्ज का काढते, हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत.

शेवटी आपल्या पंप कंपनीचे चौथे वर्ष बघू. विक्री घटून 520 कोटी, नफा 22 कोटी. निकालाच्या दिवशी शेअर पडेल. येणी 90, साठा 96, देणी 66. म्हणजे गुंतलेले 120 कोटी, विक्रीच्या 23 टक्के. वर्षभरात 54 कोटी मोकळे झाले. नफा 22, घसारा 13 आणि हे 54 मिळून 89 कोटी हाती आले, जिथे "उत्तम" ठरलेल्या तिसऱ्या वर्षी फक्त 2 कोटी आले होते.

इथेही घाई करू नये. येणी 30 कोटींनी कमी झाली खरी, पण बुडीत येण्यांची टीप उघडली आणि 12 कोटी खर्ची टाकलेले दिसले, असे समजा. मग वसुली 18 कोटींचीच झाली. उरलेले 12 कोटी कधी आलेच नाहीत. त्यांची विक्री मात्र आधीच्या वर्षांच्या नफ्यात मोजून झाली होती. आता वयवारीचे कोष्टक पुन्हा काढायचे आणि एक वर्षावरच्या रकान्यात किती शिल्लक आहे ते बघायचे. तो रकाना रिकामा झाला असेल, तर घाण निघून गेली आहे आणि पडलेल्या भावात ही कंपनी नव्याने अभ्यासण्यासारखी आहे. तिथे अजून 25-30 कोटी पडून असतील, तर पाचव्या वर्षाच्या नफ्यातून वजा व्हायची रक्कम आजच समोर छापलेली आहे.